विचित्रगड तालुका कोठे गेला?

भोर संस्थानच्या जुन्या कागदांत 'तालुके विचित्रगड' किंवा 'तालुके प्रचंडगड' असे शब्द आले की आजचा वाचक अडखळतो. या नावांचे तालुके आज नकाशावर नाहीत. एके काळी मात्र याच नावांनी येथला शेतसारा गोळा होत असे.

राजाराम महाराजांच्या काळात सचिवपद मिळालेल्या शंकराजी नारायणांच्या वंशजांचे, म्हणजे पंतसचिवांचे, हे संस्थान. त्याचा विस्तार सुमारे ९२५ चौरस मैल होता आणि घाटमाथ्याच्या दोन्ही अंगांना ते पसरले होते. त्याचे तालुके पाच: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड. विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा. पाचांपैकी चार तालुक्यांना नावे गडांची होती. मुलूख ओळखायचा तो गडावरून, ही मावळातली जुनी रीत कारभारातही उतरली होती.

८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि ही रचना मोडली. घाटाखालचा सुधागड कुलाबा जिल्ह्यात गेला व पाली मुख्यालयासह नावानिशी टिकला. त्या जिल्ह्याचेच नाव १९८१ मध्ये रायगड झाले. घाटावर पुणे जिल्ह्यात भोर तालुका आणि वेल्हे महाल उरले. महाल हा तालुक्याहून धाकटा घटक; त्याचा पुढे तालुका झाला. गडांच्या जागी आता कचेरीच्या गावांची नावे आली. संस्थानी सत्ता संपली याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण तिच्याबरोबर भूगोलाची एक भाषाही दप्तरातून उठली.

२०२५ मध्ये वेल्हे तालुक्याचे नाव अधिकृतपणे 'राजगड' झाले. रायगडापूर्वीच्या राजधानीचा हा गौरव होय. मात्र जुना राजगड तालुका परत आला, असे समजणे चूक ठरेल. संस्थानात राजगड आणि प्रचंडगड हे दोन स्वतंत्र तालुके होते. आज दोन्ही किल्ले एकाच तालुक्यात आहेत, आणि ज्या वेल्ह्यात तालुक्याची कचेरी आहे ते गाव वसले आहे तोरण्याच्या पायथ्याशी.

म्हणून यापुढे 'राजगड तालुका' असे वाचताना कागदाचे साल आधी पाहावे लागेल. १९४८ पूर्वीचा राजगड वेगळा, २०२५ नंतरचा वेगळा. आणि मधल्या सत्त्याहत्तर वर्षांच्या कागदांत तो शोधायचा तर वेल्हे या नावाखालीही पाहिले पाहिजे. विचित्रगड आणि प्रचंडगड यांना मात्र असे दुसरे आयुष्य अजून लाभलेले नाही.