राजांच्या मनात डोकावताना

आपल्या साखरखेर्ड्याला एकदा नवं नाव मिळालं होतं. 1724 साली इथे निजामउल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला, त्यात मुबारिजखान मारला गेला, आणि गावाला 'फत्तेखेर्डा' म्हणायचं ठरलं. जिंकलेल्या माणसाला जागेचं नाव का बदलावंसं वाटतं? हा प्रश्न इतिहासाचा आहे तसा मानसशास्त्राचाही आहे. आज आपण त्याहून तेराशे, दोन हजार वर्षं मागे जाणार आहोत. इतक्या जुन्या राजांच्या मनाबद्दल आपल्याला काही बोलता येतं का?

आधी एक धोका सांगतो. 1910 साली सिग्मंड फ्रॉइडने लिओनार्दो दा विंचीच्या बालपणावर एक पुस्तक लिहिलं. लिओनार्दोच्या टिपणात पाळण्यातली एक आठवण आहे, त्यात एक पक्षी येतो. फ्रॉइडने वापरलेल्या जर्मन भाषांतरात त्या पक्ष्याचं गिधाड झालं होतं. त्याने गिधाडावरून थेट इजिप्तच्या देवतेपर्यंत धागा नेला. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ मात्र घार! एका शब्दापायी इमारत डळमळली. फ्रॉइडची बुद्धी कमी होती असं नाही हो, पण पुरावा तपासायच्या आधी निदान झालं होतं.

आता अशोक घ्या. तेराव्या शिलालेखात तो सांगतो की कलिंगात दीड लाख माणसं हलवली गेली, एक लाख मारली गेली, आणि त्याचा आपल्याला पश्चात्ताप होतो. शाळेत आपण इथेच थांबतो : क्रूर राजा पालटला. पण धौली आणि जौगड ही दोन्ही ठिकाणं कलिंगातली, आणि नेमका हा लेख तिथे कोरलेला नाही. त्याच्या जागी वेगळे आदेश आहेत, त्यात सगळी प्रजा माझी लेकरं आहेत असं तो अधिकाऱ्यांना बजावतो. म्हणजे ज्यांचं घर जळलं त्यांच्यापुढे कबुली नाही, दूरच्यांपुढे आहे. ही लाज म्हणायची की राजकारणातली सावधगिरी? आणखी बघा, त्याच तेराव्या लेखात जंगलातल्या लोकांना तो समजावतो आणि आपल्या सामर्थ्याची आठवणही करून देतो. पश्चात्ताप खोटा होता असं यावरून ठरत नाही. एकाच माणसात पश्चात्ताप आणि धमकी दोन्ही राहू शकतात एवढंच दिसतं, आणि ते आपल्याला घरीसुद्धा दिसतं.

विदर्भातलंच उदाहरण घेऊ. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरात आली. नवरा दुसरा रुद्रसेन वारला, मुलगा लहान, आणि रामटेकजवळच्या नंदिवर्धनातून, म्हणजे आजच्या नगरधनातून, तिने कारभार केला. तेरा वर्षांनंतरच्या तिच्या पुणे ताम्रपटात वंशावळ येते ती गुप्तांची, सासरची नव्हे. गोत्रही ती माहेरचं, धारण, सांगते.

यावर कुणी पटकन म्हणेल, 'बापाची लाडकी लेक!' दुसरा म्हणेल, 'छे, विधवा राज्य करतेय, पाठीशी बलाढ्य बाप आहे हे दाखवणं तिची गरज होती.' दुसरं उत्तर जास्त शहाणं वाटतं. पण थांबा. रिद्धपूरचा ताम्रपट पुढचा आहे, तिचा मुलगा प्रवरसेन राज्य करत असतानाच्या एकोणिसाव्या वर्षाचा. कारभाराची ती गरज आता उरलेली नाही. तरीही तिथे ती माहेरचंच कुळ आणि तेच गोत्र सांगते. मुलाच्या स्वतःच्या ताम्रपटांत मात्र वंश वाकाटकांचा.

परिस्थिती बदलली आणि सवय टिकली, तिथे मानसशास्त्राला पाय ठेवायला जागा मिळते. यातून तिचा स्वभाव पूर्ण कळला असं नाही, ताम्रपट लिहिणाऱ्या लेखकाची पद्धतही त्यात असेल. पण 'मी कोण' या प्रश्नाचं तिचं उत्तर पिढी पालटली तरी पालटलं नाही, असं जपून म्हणता येतं.

तेव्हा माझं म्हणणं असं : मानसशास्त्राकडून प्रश्न घ्यावेत, निदान घेऊ नये. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 1973 साली आपल्या सभासदांना नियमच घालून दिला की ज्याला तपासलं नाही त्याच्या मनाविषयी जाहीर निदान करू नका. जिवंत माणसाबद्दल ही काळजी, तर जो उलट उत्तर देऊ शकत नाही त्याच्याबद्दल केवढी हवी!

आपण राजांना एक तर देव करतो, नाही तर वेडे ठरवतो. दोन्हीमुळे आपली सुटका होते, कारण देव आणि वेडा यांच्यापासून शिकण्यासारखं काही उरत नाही. शिकायचं असेल तर ती आपल्यासारखीच, भीती आणि अभिमान असलेली माणसं होती हे मान्य करायला हवं. मग उद्या आपल्या हाती थोडी सत्ता आली, ग्रामपंचायतीची का होईना, तर आपण आपली कबुली कुणापुढे देतो आणि कुणापुढे टाळतो, हेही तपासावं लागेल.