तेहतिसाव्या वर्षी रिटायर झालेला कॅप्टन

आपल्या धंद्यात चाळिशीत रिटायर व्हायची स्वप्नं सगळेच बघतात. शुक्रवारी संध्याकाळी चहाच्या टपरीवर हमखास निघणारा विषय. गावाकडे जमीन घ्यायची, झाडं लावायची आणि राहिलेलं काहीतरी लिहून काढायचं, वगैरे. आज ज्या माणसाबद्दल लिहितोय त्याने हे सगळं खरंच केलं. वयाच्या तेहतिशीत नोकरी सुटली, गावाकडे गेला, जमीन कसली, झाडं लावली आणि पुस्तकही लिहिलं. फक्त त्याचं गाव स्कॉटलंडमध्ये होतं आणि पुस्तक मराठ्यांच्या इतिहासाचं होतं.

जेम्स ग्रँट डफ. शाळेत हे नाव ऐकलेलं असतं, बहुतेक 'इंग्रज इतिहासकार' म्हणून, आणि पाठोपाठ त्याने काय काय चुकीचं लिहिलं याची यादी. पहिली दुरुस्ती इथेच: हा गडी इंग्रज नव्हे, स्कॉटिश. फरक किरकोळ वाटेल, पण एखाद्या स्कॉटिश माणसाला इंग्लिश म्हणून बघा एकदा. (आमच्या टीममधल्या एकाने ऑनसाइट असताना हा प्रयोग केला होता. पुन्हा केला नाही.)

त्याचा जन्म ८ जुलै १७८९ चा, बॅन्फ या गावातला. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, डेव्हरॉन नदी जिथे समुद्राला मिळते तिथलं हे गाव. बाप लवकर गेला, मग आई पोरांना घेऊन ॲबर्डीनला आली. तिथे शाळा आणि मारिशल कॉलेज. खरं तर कंपनी सरकारच्या मुलकी नोकरीत जायचं ठरलं होतं, पण त्या जागेसाठी थांबायची तयारी नव्हती. १८०५ साली सरळ लष्करात कॅडेट म्हणून भरती होऊन हा मुंबईला आला. वय सोळा.

हे काही नवलाचं नव्हतं. १७०७ साली स्कॉटलंड आणि इंग्लंडचं एक राज्य झालं आणि घरी फारशी मिळकत नसलेल्या स्कॉटिश घरांतल्या मुलांना कंपनीचा दरवाजा उघडला. एल्फिन्स्टन स्कॉटिश, माल्कम स्कॉटिश, मद्रासचा मन्रो स्कॉटिश. नंतर आलेले विल्सन कॉलेजचे जॉन विल्सनही स्कॉटिश. जुन्या मुंबई इलाख्याच्या इतिहासात कुठेही दगड उचला, खाली एक स्कॉटिश माणूस सापडतो.

डफ (तेव्हा नुसताच ग्रँट) मुंबई ग्रेनेडिअर्समध्ये होता. १८०८ साली काठेवाडात माळियाच्या गढीवर हल्ला झाला, त्यात त्याच्या हाताखालची तुकडी जवळजवळ कापली गेली, हा वाचला. पुढे फारसी शिकला, पलटणीचा दुभाष्या झाला आणि पुण्याचा रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या नजरेत भरला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. आष्टीच्या लढाईनंतर छत्रपती प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हाती आले, आणि सातारचं राज्य नव्याने उभं करायचं काम एल्फिन्स्टनने या कॅप्टनकडे सोपवलं. सोबत एक गोरा मदतनीस आणि देशी शिपायांची तुकडी. वय वर्षं २८. महाराज त्याच्याहून तीन-चार वर्षांनी लहान.

म्हणजे प्रकार कसा झाला बघा. जुनी सिस्टीम पाडली, तिच्या जागी नवी उभी करायची आणि ती चालवायला मालकाच्या वारसालाच ट्रेनिंग द्यायचं. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने हे पक्कं झालं. १८२२ पर्यंत महाराजांच्या नावाने कारभार ग्रँटने पाहिला आणि मग त्यांच्या हाती दिला. आपल्या भाषेत नॉलेज ट्रान्सफर आणि हँडओव्हर. फक्त आपल्याकडे हँडओव्हर झाल्यावर क्लायंटला गादीवरून उतरवत नाहीत. ते पुढे येईलच.

दिवसभर कारभार, आणि उरलेल्या वेळात हा माणूस कागद गोळा करत होता. देवस्थानांची दप्तरं, वतनदारांच्या सनदा, सरदार घराण्यांच्या बखरी. मल्हार रामराव चिटणीसांची बखर त्याने वापरली. ज्यांनी शेवटच्या लढाया प्रत्यक्ष लढल्या होत्या ती माणसं अजून जिवंत होती, त्यांच्याशी तो बोलू शकत होता. नंतरच्या कुठल्याच इतिहासकाराला ही सोय मिळाली नाही. त्याला भयंकर डोकेदुखीचा त्रास होता, तास न् तास चालणारी. तरी काम सोडलं नाही, शेवटी प्रकृतीनेच साथ सोडली. पाचेक वर्षांत सातारा सुटलं आणि कॅप्टन साहेब स्कॉटलंडला परतले.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो, आणि तोच आपण कधी वाचत नाही. आजोळ म्हसा असल्यामुळे (मुरबाडजवळचं म्हसा, पौष पौर्णिमेच्या जत्रेचं, बैलबाजाराचं आणि घोंगड्यांचं) रिटायर्ड फौजी कसा राहतो हे मी लहानपणापासून बघितलंय. आजोळच्या आळीत एक सुभेदार होते. पहाटे पाचला उठणार, मिशीला पीळ देणार, अंगणातली आंब्याची कलमं रांगेत लावलेली, अगदी दोरी धरून. त्यांच्या मराठा पलटणीत बॅगपाइपचा बँड होता आणि त्या सुरावटी ते शिट्टीवर वाजवायचे. पारावर आम्ही पोरं म्हणायचो, सुभेदारमामा लग्नातलं वाजवा, तर ते हसून तेच पलटणीचं मार्चचं वाजवणार. सह्याद्रीच्या पायथ्याशी, सिद्धगड-गोरखगड समोर दिसताहेत आणि हा माणूस स्कॉटलंडच्या डोंगरातली धून वाजवतोय! डफची गोष्ट नेमकी याच्या उलटी आहे. तो बसला होता बॅन्फजवळ, आणि डोक्यात घोळत होता सह्याद्री.

१८२४ मध्ये त्याची आई वारली. आईच्या माहेरची, डफ घराण्याची, एडन नावाची इस्टेट त्याच्याकडे आली. बॅन्फपासून चार-पाच मैलांवर, त्याच डेव्हरॉन नदीकाठी. इस्टेटीबरोबर आडनावही आलं, तेव्हा कुठे तो 'ग्रँट डफ' झाला. १८२५ मध्ये लग्न केलं, जेन एन्सली हिच्याशी. तिचे वडील व्हाइटलॉ एन्सली हे मद्रासकडे नोकरी केलेले डॉक्टर, भारतीय औषधींवर ग्रंथ लिहिणारे. पुढे बायकोकडच्या घराण्याची इस्टेट आली तेव्हा त्याने आणखी एक आडनाव जोडलं, कनिंगहॅम. जमीन सुधारणं, कुळं बघणं, असं अगदी गावच्या पाटलासारखं आयुष्य.

आणि रोज लिखाण. साताऱ्यात आणि पुण्यात गोळा केलेल्या टिपणांवरून इतिहास पुरा करणं चालू होतं. प्रकाशक जॉन मरे याची गोष्ट सांगतात, की मराठे म्हणजे कोण हे इथे कुणाला माहीत नाही, तेव्हा नावात मोगल आणि इंग्रज घाला, असा त्याचा सल्ला होता. डफ म्हणाला, नाही. पुस्तक मराठ्यांचं आहे, नाव मराठ्यांचंच राहील. शेवटी १८२६ साली लाँगमनने तीन खंड काढले, आणि त्यात लेखकाच्या खिशाला चांगलीच चाट बसली. मार्केटिंगवाल्यांचं न ऐकल्याचा परिणाम. पण या एका गोष्टीसाठी मी त्याला बरंच काही माफ करतो.

आता त्या वेळचा स्कॉटलंड डोळ्यापुढे आणा. १७४६ साली कलोडनच्या लढाईत डोंगरी टोळ्यांचा पराभव झाला होता. त्यानंतर हायलँडचा पोशाख घालायलासुद्धा कायद्याने बंदी आली, ती उठली १७८२ मध्ये, म्हणजे डफच्या जन्माच्या फक्त सात वर्षं आधी. आणि तो परत येईपर्यंत काय झालं होतं? वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांनी त्याच हरलेल्या डोंगरी लोकांना राष्ट्राचा अभिमान बनवून टाकलं होतं. १८२२ मध्ये खुद्द राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला तो किल्ट घालून मिरवला. ज्याच्यावर बंदी होती त्याचा हेरिटेज झाला. अवघ्या पाऊणशे वर्षांत.

अशा देशात बसून डफ दुसऱ्या एका हरलेल्या डोंगरी लोकांचा इतिहास लिहीत होता. पण किल्ट मराठ्यांच्या वाट्याला आला नाही. त्यांच्या उदयाचं वर्णन करताना त्याला सुचली ती उपमा वणव्याची. सह्याद्रीच्या रानात वाळलेलं गवत पेट घेतं, आग पसरत जाते आणि लांबचे लोक अचंब्याने बघत राहतात, तसं. मुरबाड-शहापूरकडच्या कुणालाही विचारा, फाल्गुन-चैत्रात रात्री डोंगरावर आगीच्या माळा दिसतात, त्याच या. उपमा दिसायला सुंदर आहे आणि नेमकी तिथेच खोट आहे. वणवा आपोआप लागतो. त्यामागे विचार नसतो, योजना नसते. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली मराठी सत्तेच्या उदयावर पुस्तक लिहिलं ते एका अर्थी या एका वाक्याला दिलेलं उत्तर आहे. संतांनी जमीन तयार केली, लोकांत एकी आली, मग राज्य उभं राहिलं, असं त्यांचं म्हणणं. डफच्या तीन खंडांत लढाया आहेत, तह आहेत, घराणी आहेत. ज्ञानोबा-तुकोबा मात्र शोधत बसावे लागतात.

तरीही माहुलीपाशी मी थबकलो. शहापूरचा माहुली किल्ला आम्ही ट्रेकला दहा वेळा चढलोय, धापा टाकत, भडंग खात. १६३६ मध्ये शहाजीराजे तिथे वेढ्यात अडकले, निजामशाही वाचवायचा शेवटचा प्रयत्न तिथे संपला. हे सगळं एका माणसाने स्कॉटलंडच्या थंडीत बसून इंग्रजीत लिहून ठेवलंय. त्याच्या स्पेलिंगमधून आपल्या गावांची नावं ओळखणं हा एक वेगळाच टाइमपास आहे.

पुस्तक आपल्याकडे परत आलं ते फार लवकर. कॅप्टन डेव्हिड केपन आणि बाबा साने यांनी १८३० च्या सुमारास त्याचं मराठी केलं, 'बखर मराठ्यांची' या नावाने, आणि ते शाळांत लागलं. म्हणजे बखरींवरून इंग्रजी इतिहास, त्यावरून पुन्हा मराठी बखर. पिढ्यान् पिढ्या मराठी पोरं स्वतःच्या पणजोबांची गोष्ट बॅन्फमार्गे शिकली. मग १८६८ च्या आसपास नीळकंठ जनार्दन कीर्तने नावाच्या विशीतल्या तरुणाने या पुस्तकावर जाहीर टीका केली. मराठी माणसाने इतिहासलेखनाची अशी चिकित्सा करण्याची ती जवळजवळ सुरुवातच. त्या वादातून एक प्रश्न वर आला जो अजून अधूनमधून ऐकू येतो: डफने वापरलेले मूळ कागद गेले कुठे? त्याने काम झाल्यावर ते जाळले, अशी कंडी उठली. आता त्याच्या तळटीपा बघितल्या तर जागोजागी लिहिलंय की अमुक कागदाची नक्कल मुंबईच्या लिटररी सोसायटीत ठेवली आहे. जाळणारा माणूस अशी नोंद कशाला करेल? पण तिथे ते कागद नंतरच्या अभ्यासकांना मिळाले नाहीत, हेही खरं. बॅकअप घेतलेला होता, सर्व्हर कुणी सांभाळला नाही. यावर वैतागून वि. का. राजवाड्यांसारखी माणसं गावोगाव दप्तरं शोधत फिरली, आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चे बावीस खंड निघाले. डफच्या उणिवांचं हे एवढं मोठं व्याज आपल्याला मिळालं.

आता त्या हँडओव्हरकडे. डफ एडनला शेती बघत असताना साताऱ्यात काय चाललं होतं? १८३९ मध्ये मुंबई सरकारने प्रतापसिंह महाराजांवर कटाचे आरोप ठेवून त्यांना पदच्युत केलं आणि काशीला पाठवलं. १८४७ मध्ये ते तिथेच गेले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला जाऊन जवळजवळ चौदा वर्षं झगडले, आणि पार्लमेंटात त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांत जोसेफ ह्यूम होता, पुन्हा स्कॉटिशच. गादीवर बसवलेले भाऊ शहाजी एप्रिल १८४८ मध्ये वारले. मरण्याआधी त्यांनी दत्तक घेतला होता. मुंबईचा गव्हर्नर क्लार्क म्हणत होता की दत्तक मान्य करा. लॉर्ड डलहौसीने तो नाकारला आणि राज्य खालसा केलं. डलहौसी कुठला? एडिंबराजवळच्या डलहौसी किल्ल्याचा. स्कॉटिश.

इथे मला खरंच थांबावंसं वाटतं. ज्या माणसाने हे राज्य कागदावर उभं केलं, तो स्वतः कुठल्या घरात राहत होता? आईच्या घराण्याची इस्टेट, त्या इस्टेटीबरोबर घेतलेलं आडनाव. मग बायकोच्या घराण्याची इस्टेट, आणखी एक आडनाव. घराण्याचं नाव आणि जमीन पुढे चालावी म्हणून दुसऱ्या शाखेतल्या माणसाने नाव घेणं हे स्कॉटलंडमध्ये रीतसर, कायदेशीर, प्रतिष्ठेचं. साताऱ्यात त्याच हेतूने मुलगा मांडीवर घेतला, तर ते अमान्य. बॅन्फमधल्या शेतजमिनीला जो नियम होता, तो शिवछत्रपतींच्या गादीला नव्हता.

१८५७ आलं. रंगो बापूजींचा मुलगा सीताराम आणि इतर मिळून सतरा जणांना ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्यात गेंडामाळावर मृत्युदंड दिला गेला. रंगो बापूजी त्याआधीच बेपत्ता झाले, शेवटचे दिसले ते ठाण्यात. त्यांच्या नावाचा चौक ठाण्यात आहे. बाजारात जाताना आपण त्याच्यावरून शंभर वेळा गेलेलो असतो.

डफ २३ सप्टेंबर १८५८ ला वारला. कंपनीचं राज्य राणीकडे द्यायचा कायदा त्याआधीच मंजूर झाला होता. म्हणजे ज्या कंपनीच्या नोकरीत तो सोळाव्या वर्षी शिरला तिचा राज्यकारभार संपला त्याच वर्षी हा गेला. मागे एक मुलगी आणि दोन मुलगे. थोरल्याचं नाव त्याने आपल्या जुन्या साहेबावरून ठेवलं होतं, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ. हे पोरगं पुढे १८८१ ते १८८६ मद्रासचं गव्हर्नर झालं आणि तिथल्या किनाऱ्यावर फिरायला रस्ता करून त्याला नाव दिलं मरीना. चेन्नईला प्रोजेक्टवर असणाऱ्यांनी रविवारी संध्याकाळी तिथे सुंदल खाताना साताऱ्याच्या त्या कॅप्टनची आठवण काढायला हरकत नाही.