नोटांवरची टाचणीची भोके

मी सात-आठ वर्षांचा असताना वडिलांचा महिन्याचा पगार एस.टी. स्टँडवर मारला गेला. घरी आल्यावर ते बराच वेळ पाणीसुद्धा न पिता बसून राहिले. पोलिसांत जावे असे आईने दोनदा सुचवले. वडील म्हणाले, "अगं, त्या नोटा माझ्याच होत्या हे मी सिद्ध कसं करणार?" विषय तिथेच संपला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आमच्या घरातले राज्यशास्त्र. आम्हा मुलांचे त्याहून सोपे होते: जेवला नाहीस तर पोलीस येईल.

वडिलांच्या त्या प्रश्नाचे उत्तर मला पुष्कळ वर्षांनी एका लहान मुलांच्या पुस्तकात सापडले. एरिश केस्टनर या जर्मन लेखकाचे ते पुस्तक, 'एमिल आणि गुप्तहेर', १९२९ साली बर्लिनमध्ये प्रसिद्ध झाले. पुण्यात पदपथावरच्या जुन्या पुस्तकांत त्याचा इंग्रजी अनुवाद हाती लागला, आणि पुढे शब्दकोश घेऊन मूळ जर्मन अडखळत वाचले. माझे शिक्षण बेताचे, नोकरी पोस्टाच्या काउंटरची. पण मुलांच्या रहस्यकथा जमवायचा नाद जुना आहे. फास्टर फेणे वाचत वाढलेल्या पिढीला तो सांगावा लागू नये.

मुलांना शासनव्यवस्था शिकवण्यासाठी मुद्दाम लिहिलेल्या रहस्यकथाही आहेत. अमेरिकेत रॉन रॉय यांनी २००१पासून वॉशिंग्टन शहरावर अशी एक मालिकाच लिहिली. कधी राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान, कधी कोषागार, कधी एफबीआय, कधी निवडणुकीचा दिवस. प्रत्येक ठिकाणी एक गुन्हा आणि दोन चुणचुणीत मुले. वाचायला त्या बऱ्या आहेत, पण त्यांतली मुले सरकारी इमारतीत आतून शिरतात, कारण नायिकेची ऊठबस थेट राष्ट्राध्यक्षांकडे असते. एमिल मात्र बाहेरून येतो, माझ्या वडिलांसारखा, आणि केस्टनरने धडा द्यायचा आव आणलेला नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. एमिल टिशबाइन हा नॉयश्टाट गावचा मुलगा. वडील नाहीत, आई घरी बायकांचे केस धुऊन-विंचरून संसार चालवते. ती त्याला बर्लिनला आजीकडे पाठवते आणि बरोबर एकशेचाळीस मार्क देते. त्यातले एकशेवीस आजीचे. पैसे पडू नयेत म्हणून एमिल आगगाडीत कोटाच्या आतल्या खिशाच्या अस्तराला त्या नोटा टाचणीने टोचून ठेवतो. डब्यात ग्रुंडआइस नावाचा टोपीवाला गृहस्थ असतो. एमिलला डुलकी लागते, आणि जाग येते तेव्हा गृहस्थ नाही, नोटाही नाहीत.

इथे कोणीही शहाणा मुलगा पोलिसाकडे धावला असता. एमिल धावत नाही. गावातल्या ग्रँड ड्यूकच्या पुतळ्याला त्याने रंगाने लाल नाक आणि मिशा काढल्या होत्या, आणि नेमका त्याच वेळी येश्के हा हवालदार कोपऱ्यावरून वळला होता. आपल्याला ओळखले असेल या धास्तीने एमिलची झोप गेलेली. गाडीतल्या दुःस्वप्नातही येश्के येतोच. म्हणजे चोरी झाली एमिलची, आणि गुन्हेगार वाटतो आहे एमिललाच. सरकारशी सामान्य माणसाचे नाते पुष्कळदा असेच सुरू होते: दाद मागण्याआधी आपलेच काय काय चुकले आहे हे आठवायला लागते. काउंटरच्या आत बसून मी हे चेहरे रोज पाहतो. मृत वडिलांचे बचतखाते बंद करायला आलेला मुलगासुद्धा आधी 'साहेब, चुकलं असेल तर सांगा' असे म्हणतो.

मग बर्लिनची पोरे जमतात. खिशात भोंगा बाळगणारा गुस्ताव, ज्याला सगळे 'प्रोफेसर' म्हणतात तो वकिलाचा मुलगा, आणखी वीसेक जण. चौकात बैठक होते, पैसे गोळा होतात, परवलीचा शब्द ठरतो, कामे वाटली जातात. धाकटा डीन्स्टाग (आडनावाचा अर्थ मंगळवार) याच्या घरी टेलिफोन आहे, म्हणून त्याने घरीच बसून निरोप घ्यायचे. तो हिरमुसतो, पण बसतो.

या पोरांचा एक वाद मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. एक जण म्हणतो, चोर झोपला की त्याच्या खिशातून पैसे काढून घेऊ; आपलेच तर आहेत. प्रोफेसर अडवतो. गुपचूप काढून घेणे ही चोरीच, मग ती वस्तू मुळात कोणाची का असेना. कोणी हसते, कोणी चिडते. पण मुद्दा टिकतो. आपले हक्काचे असले तरी ते आपल्या हाताने ओरबाडून घ्यायचे नाही, चारचौघांत मागायचे आणि सिद्ध करायचे. यापलीकडे कायद्याचे राज्य म्हणजे आणखी काय, हे मला जाड जाड पुस्तकांतून कळलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांचा घोळका चोराच्या मागे लागतो आणि तो वैतागून बँकेत नोट मोडायला शिरतो. एमिल ओरडतो, पैसे माझे आहेत! चोर हसतो. आता प्रश्न वडिलांचाच: सिद्ध कसे करणार? आणि एमिलला टाचणी आठवते. नोटा उजेडासमोर धरल्या जातात; भोके दिसतात. एवढ्याशा भोकांनी त्या क्षणी मुलगा आणि मोठा माणूस यांचे वजन सारखे होते.

पुढे पोलीस चौकी, मग अलेक्झांडरप्लाट्झचे मुख्यालय. चोराने नावे बदलून सांगितलेली. मुख्यालयात त्याची ओळख पटवण्याची रीतसर तपासणी होते आणि हानोव्हरच्या एका बँक दरोड्याशी त्याचा धागा जुळतो. एमिलला हजार मार्कांचे बक्षीस मिळते. हवालदाराला मात्र एमिलचे आडनाव काही नीट घेता येत नाही. टिशबाइन म्हणजे टेबलाचा पाय. तो त्याला खुर्चीचा पाय करून टाकतो. कोणत्याही देशातल्या सरकारी नोंदवहीवर विश्वास ठेवावा, इतका हा तपशील खरा आहे.

शेवटी सगळे विचारतात, यातून काय शिकायचे? आजी म्हणते, पैसे नेहमी मनीऑर्डरनेच पाठवावेत. पहिल्यांदा वाचले तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो. आजी थट्टा करते आहे, पण तिचा भरवसा खरा आहे. पोस्ट आहे, बँक आहे, चौकी आहे. रीतीने गेले तर काम होते.

पण १९२९चे बर्लिन असे होते का? त्याच वर्षी १ मे रोजी आणि पुढचे दोन-तीन दिवस बर्लिनच्या पोलिसांनी कामगार वस्त्यांत गोळ्या चालवल्या आणि तीसहून अधिक माणसे मेली. त्याच साली पुस्तकातला मनमिळाऊ हवालदार छापून आला. केस्टनर पत्रकार होता, त्याला हे ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. त्याने खोटे लिहिले असे काही अभ्यासक सुचवतात. मला तसे वाटत नाही. पोलीस कसे असावेत हे त्याने मुलांना सांगितले, कारण मोठ्यांना सांगून झाले होते. तरीही एक उणीव राहते. काउंटरपर्यंत कसे पोचायचे हे पुस्तक शिकवते; काउंटरच्या आतली माणसेच बदलली तर काय, याचे उत्तर त्यात नाही.

ती बदलायला चार वर्षेही लागली नाहीत. जुलै १९३२मध्ये प्रशियाचे निवडून आलेले सरकार बर्लिनच्या केंद्र सरकारने एका हुकमाने बरखास्त केले आणि पोलीस दलाचे वरिष्ठ हटवले. १९३३च्या फेब्रुवारीत नाझींच्या गणवेशधारी टोळ्यांना पूरक पोलीस म्हणून अधिकार मिळाले. १० मे १९३३ला बर्लिनच्या ऑपेरा चौकात पुस्तकांची होळी झाली. केस्टनरचे नाव पुकारून त्याची पुस्तके आगीत टाकली गेली, तेव्हा तो स्वतः गर्दीत उभा होता. 'एमिल' तेवढे त्या वेळी वगळले होते. पुढे त्यावरही बंदी आली. केस्टनर देश सोडून गेला नाही. गेस्टापोने त्याला दोनदा चौकशीला नेले. एमिलची पिवळ्या मुखपृष्ठावरची सुंदर चित्रे काढणारा वाल्टर ट्रिअर ज्यू होता. तो १९३६मध्ये लंडनला निघून गेला.

१९३१मध्ये या पुस्तकावर चित्रपट निघाला होता. पटकथा बिली वाइल्डरची, जो पुढे हॉलिवूडमध्ये गाजला. बर्लिनच्या खऱ्या रस्त्यांवर खरी पोरे धावताना त्यात दिसतात. मी तो पाहताना पोरांची नावे टिपून घेतली आणि त्यांचे पुढे काय झाले ते शोधत गेलो. भोंगावाला गुस्ताव झालेला हान्स शाउफुस १९४१मध्ये रशियाच्या आघाडीवर मारला गेला. एमिल झालेला रोल्फ वेंकहाउस जर्मन हवाई दलात होता. १९४२च्या जानेवारीत आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ त्याचे विमान पाडले गेले.

आणि धाकटा डीन्स्टाग. पुस्तकाच्या शेवटी आजी सगळ्यांत जास्त कौतुक त्याचे करते. त्यालाही पोरांबरोबर धावायचे होते, पण नेमून दिलेले काम म्हणून तो टेलिफोनपाशी बसून राहिला, न कंटाळता. ही भूमिका करणाऱ्या हान्स ल्योरने लहानपणी 'एमिल' वाचून केस्टनरला पत्र लिहिले होते आणि त्यातून दोघांची ओळख वाढली होती. तोही १९४२मध्ये पूर्व आघाडीवर पडला. वय वीस.