शरीराचे वावडे

मराठीत 'वावडे' हा शब्द मोठा नेमका आहे. एखाद्याला वांग्याचे वावडे असते, एखाद्याला धुळीचे. वांगे काही विषारी नसते. पंक्तीत शेजारी बसलेला गृहस्थ तेच वांगे मिटक्या मारीत खातो, आणि ह्याच्या अंगावर मात्र गांधी उठतात. दोष वांग्यात नाही आणि खाणाऱ्याच्या जिभेतही नाही. दोघांची गाठ पडते तेथे काही तरी बिनसते. एवढी साधी गोष्ट युरोपीय वैद्यकाच्या नीट ध्यानात येण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

हा इतिहास धुंडाळण्याचा प्रसंग आमच्यावर आला तो घरातल्याच कारणाने. आठ वर्षांपूर्वी बदली होऊन आम्ही सहकुटुंब दिल्लीस आलो. धाकट्या चिरंजीवांचा जन्म इथलाच. तो पाच वर्षांचा असताना, मार्च महिन्यातल्या एका रात्री, त्याचा श्वास कोंडला, छातीतून शिटीसारखा आवाज येऊ लागला, आणि डॉक्टरांनी 'दमा' हा शब्द उच्चारला. दिल्लीत त्या दिवसांत वावळीची झाडे फुललेली असतात व त्यांचे परागकण हवेत भरून राहतात. पुढे सुट्टीत सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी गेलो तेव्हा मातोश्री एवढेच म्हणाल्या, "इथे राहिला असतास तर पोराला हे झाले नसते." बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागले. परमुलखात नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांपैकी अनेकांना असे एखादे वाक्य कधी ना कधी ऐकावे लागले असेल. ते खरे की खोटे, हा प्रश्न घेऊन आम्ही पुस्तके उघडली.

आरंभ 1819 सालापासून करावा लागतो. त्या वर्षी लंडनचे डॉक्टर जॉन बॉस्टॉक यांनी एका वैद्यकसभेपुढे एका रोग्याची हकीकत वाचली. दर उन्हाळ्यात त्याचे डोळे चुरचुरत, शिंकांची सरबत्ती सुरू होई, छाती आवळल्यासारखी होई. आणि हे आठव्या वर्षापासून चालू होते. तो रोगी म्हणजे स्वतः बॉस्टॉकच होते. लोक ह्या व्याधीस गवतज्वर म्हणू लागले. बॉस्टॉक मात्र दोष उन्हाला देत राहिले. खरे कारण मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी 1873 साली पुराव्यानिशी मांडले. त्यांनाही हीच व्याधी होती. गवताचे परागकण त्यांनी स्वतःच्या नाकात घातले, त्वचेवर चोळले, हवेत ते किती आहेत हे चिकट काचांवर मोजले, आणि उंचावरच्या हवेची परीक्षा करण्यासाठी त्या काचा पतंगाला बांधून आकाशात चढवल्या. कारण सापडले, पण एक कोडेही त्यांनी नोंदवून ठेवले. परागांच्या सर्वांत निकट राहतो तो शेतकरी, आणि ह्या रोगाने सर्वांत कमी पिडला जातो तोही शेतकरीच. असे का? ह्या प्रश्नाला शंभर वर्षे कोणी उत्तर दिले नाही.

पुढचा धडा पॅरिसचा. शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे दोघे समुद्रपुष्पाचे विष कुत्र्यांना टोचून पाहत होते. विषाची सवय लावल्यास प्राणी ते पचवू लागतील अशी अपेक्षा होती. 1902 साली त्यांच्या एका कुत्र्याने पहिली मात्रा सहज सोसली. काही आठवड्यांनंतर तेवढीच अल्प मात्रा पुन्हा टोचली असता तो अर्ध्या तासाच्या आत मेला. जी शक्ती रक्षण करते तीच जीव घेऊ शकते, हा शोध त्या काळी इतका विपरीत वाटला की त्यासाठी नवा शब्द घडवावा लागला. रिशे यांना 1913 साली नोबेल पारितोषिक मिळाले. दरम्यान 1906 साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 'ॲलर्जी' हा शब्द रूढ केला. त्याचा त्यांना अभिप्रेत अर्थ केवळ 'बदललेली प्रतिक्रिया' एवढाच होता.

पण रक्तात बदलते ते काय? ब्रेस्लाऊ येथील हाइन्झ क्यूस्टनर यांना शिजवलेल्या माशाचे वावडे होते, तर त्यांचे सहकारी कार्ल प्राउसनिट्झ यांना माशाचे काहीच होत नसे. क्यूस्टनर यांच्या रक्तातील द्रव प्राउसनिट्झ यांनी आपल्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तेवढीच जागा फुगून लाल झाली. 1921 साली प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगाने वावडे रक्तातून दुसऱ्यास देता येते हे सिद्ध झाले. मात्र रक्तातील तो पदार्थ पुढे पंचेचाळीस वर्षे कोणाच्या हाती लागला नाही.

ही पंचेचाळीस वर्षे दमेकरी मुलांच्या आईबापांना फार जड गेली. पदार्थ सापडत नाही तेव्हा मनाला दोष देणे सोपे असते. दमा म्हणजे मुलाचे दाबलेले रडणे, आणि त्याचे मूळ आईच्या अतिरेकी मायेत आहे, असे मत त्या काळी मोठमोठे तज्ज्ञ मांडीत. अमेरिकेत डेन्व्हर येथे दमेकरी मुलांसाठी एक संस्था होती. तेथे मुलांना दीर्घकाळ घरापासून दूर ठेवीत, आणि आईबापांपासून तोडणे हाच उपचाराचा भाग मानला जाई. पुष्कळ मुले सुधारत, म्हणून ही उपपत्ती खरी वाटे. पण 1960 नंतरच्या दशकात नेदरलंड्समधील संशोधकांनी दाखवले की घरातल्या धुळीचे वावडे हे मुख्यतः गाद्यांत व पांघरुणांत राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांचे असते. हे किडे दमट हवेत वाढतात. डेन्व्हर पडले उंचावरचे, कोरड्या हवेचे. मुलांचे घर सुटले त्याबरोबर घरची गादीही सुटली होती!

आणि योगायोग असा की, रक्तातील तो पदार्थ सापडला तो डेन्व्हरच्या ह्याच संस्थेत. किमिशिगे व तेरुको इशिझाका ह्या जपानी दांपत्याने 1966 साली तो वेगळा केला. त्यासाठी त्यांनीही स्वतःच्याच त्वचेवर टोचून घेतले. स्वीडनमधील योहान्सन व बेन्निख यांना दुसऱ्या वाटेने तोच पदार्थ गवसला, आणि 1968 साली त्याचे 'आय-जी-ई' असे नाव ठरले. हे प्रतिपिंड रक्तात अत्यल्प असते. ते शरीरातील मास्ट पेशींवर पहारेकऱ्यासारखे बसते. ओळखीचा परागकण येताच पेशी हिस्टामिन सोडते, श्वासनलिका आवळते व सुजते. त्यात मायेचा अतिरेक कोठेच नव्हता. आम्ही हे वाचले त्या रात्री आमच्या कुटुंबास ते मोठ्याने वाचून दाखवले. ती काही बोलली नाही. पण 'मी त्याला फार जपले म्हणून तर नाही ना?' हा तिचा नेहमीचा प्रश्न पुन्हा ऐकू आला नाही.

आता मातोश्रींच्या वाक्याकडे वळू. ब्लॅकलींच्या कोड्याला 1989 साली पुन्हा वाचा फुटली. डेव्हिड स्ट्रॅकन यांनी 1958 साली जन्मलेल्या सतरा हजारांहून अधिक ब्रिटिश मुलांची माहिती तपासली, तेव्हा ज्यांना थोरली भावंडे अधिक त्यांना गवतज्वर कमी, असे आढळले. पुढे आल्प्सच्या परिसरात गोठ्याशेजारी वाढणाऱ्या मुलांत दमा व वावडी कमी दिसली. 2016 साली अमेरिकेतील दोन शेतकरी पंथांच्या मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. वंशाने दोन्ही जवळचे. पण घोड्यांनी शेती करणाऱ्या आमिश मुलांत दम्याचे प्रमाण सुमारे 5 टक्के, तर यंत्रांनी शेती करणाऱ्या हटराइट मुलांत सुमारे 21 टक्के निघाले. गोठ्याच्या धुळीतील जंतूंचे अंश कोवळ्या वयात प्रतिकारशक्तीला वळण लावतात, असे ह्यावरून दिसते. त्या शक्तीला आवरणाऱ्या पेशीही शरीरात असतात. जपानचे शिमोन साकागुची यांनी 1995 साली त्यांची ओळख पटवली. मेरी ब्रंकाव व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह त्यांना 2025 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तेव्हा मातोश्रींचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. परंतु त्यांच्या मनातले गाव तरी आज कोठे आहे? आमचा गोठा वडिलांच्या हयातीतच मोडला. तेथे आता चुलतभावाची मोटारसायकल उभी असते. पुण्याच्या परिसरात 1950 नंतर आलेले गाजरगवत आमच्या बांधावरही पसरले आहे, आणि त्याने कित्येकांच्या अंगाची आग होते. शिवाय हे आकडे समूहाचे आहेत. आमच्या चिरंजीवांना एक थोरली बहीण आहे. तिला काही झाले नाही, ह्याला झाले. कोणत्या एका मुलाला का झाले, हे आकडे सांगत नाहीत. आणि पाच वर्षांचे मूल गोठ्यात नेऊन बसवल्याने झालेला दमा जात नाही. उलट तेथील धूळ त्याला बाधण्याचाच संभव अधिक.

उपाय आहे तो साधा आहे. मोजून मात्रा देणारा पंप 1956 पासून, आणि सूज उतरवणारे श्वासावाटेचे औषध 1972 पासून जगात आहे. "पंपाची सवय लागते" असे चाळीतल्यापासून सचिवालयातल्यापर्यंत सर्वांनी आम्हांला बजावले. आम्हीही त्या भीतीने पहिले सहा महिने रोजचे औषध चुकवले, आणि त्याचे फळ म्हणून दोन रात्री रुग्णालयात काढल्या. डॉक्टरांनी समजावले ते असे : आवळलेली नलिका मोकळी करणारे औषध वेगळे आणि आतली सूज रोज थोडी थोडी उतरवणारे वेगळे, दुसरे चुकवले की पहिल्यावर भार पडतो. ही चूक आमची होती. बदलीची नव्हे, दिल्लीचीही नव्हे.

गृहराज्यी बदली मिळावी असा अर्ज आम्ही लिहून ठेवला होता. तो खणातच राहिला. दिल्लीची हिवाळ्यातली हवा चांगली आहे असे आम्ही म्हणणार नाही. बदली मिळाली तर नाकारणारही नाही. पण पोराच्या दम्याचे कारण दाखवून ती मागावी, असे आता वाटत नाही. गेल्या मार्चमध्ये वावळी फुलल्या तेव्हा तो एकही दिवस शाळा न चुकवता गेला. दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात पंप होता. रविवारी गावाहून दूरध्वनी आला तेव्हा मातोश्रींनी प्रथम विचारले ते, "सकाळचे औषध घेतले का रे त्याने?"