भंगारातले भविष्य

आमच्या शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये एक नोंद आहे : 'मॅजिक लँटर्न, पितळी, नग १.' तिच्यापुढे तांबड्या शाईत 'मोडीत काढला' असा शेरा आणि त्याखाली माझी सही. मी मुख्याध्यापक झालो त्या वर्षी कोठीची खोली रिकामी करून तिथे संगणक बसवायचे होते. मोडक्या बाकांबरोबर तो कंदीलही किलोच्या भावाने गेला. सिनेमा यायच्या आधी कल्याणच्या पटवर्धनांनी याच जातीच्या यंत्राला 'शांबरिक खरोलिका' असे भारदस्त नाव देऊन गावोगाव खेळ केले होते. इतिहासात एम. ए. केलेल्या माणसाला हे ठाऊक होते. तरी सही केली.

हे आठवण्याचे कारण एक माजी विद्यार्थी. गणपतीच्या सुटीत भेटायला आला तेव्हा त्याने पिशवीतून हातभर लांबीची एक चकचकीत नळी काढली. 'स्टार वॉर्स'मधल्या प्रकाशाच्या तलवारीची मूठ! हौसेने विकत घेतलेली नक्कल. "सर, मूळची मूठ कशाची होती सांगा," म्हणाला. मला सांगता आले नाही. त्यानेच सांगितले : कॅमेऱ्याच्या फ्लॅशची. पुढे मीच त्या विषयाच्या मागे लागलो.

जॉर्ज ल्यूकसचा हा चित्रपट १९७७ सालचा. चित्रीकरण आदल्या वर्षी, बरेचसे लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत झाले. त्यापूर्वीच्या अनेक अंतराळपटांत भविष्यकाळ म्हणजे पांढरा, स्वच्छ, जणू कालच वेष्टनातून काढलेला. ल्यूकसला जग हवे होते वापरलेले : पोचे आलेले, तेलकट, धूळ खाल्लेले. पैसा मात्र बेताचा. सेट सजवणाऱ्या रॉजर ख्रिश्चनने यावर उपाय काढला तो भंगारवाल्याचा. मोडीत निघालेल्या विमानांचे भाग त्या वेळी कोणाला नको होते. ते स्वस्तात आणून त्याने अंतराळयानाच्या आतल्या भिंती मढवल्या. तलवारीची मूठ काही केल्या मनासारखी होईना, तेव्हा लंडनमधल्या छायाचित्रण-साहित्याच्या एका दुकानात धुळीने भरलेल्या खोक्यात त्याला ग्राफ्लेक्स कंपनीच्या फ्लॅशच्या दांड्या सापडल्या. १९४०च्या दशकातले अमेरिकन वार्ताहर मोठ्या कॅमेऱ्याला जोडून वापरत त्या. आत तीन बॅटऱ्या, बाजूला तांबडे बटण, वर परावर्तक आणि एकदाच पेटून निकामी होणारा दिवा. ख्रिश्चनने परावर्तक काढला, पकडीसाठी रबराच्या पट्ट्या चिकटवल्या, गणकयंत्राच्या आकडे दिसणाऱ्या भिंगांची पट्टी मधल्या कडीत बसवली. झाली वडिलांनी मुलासाठी मागे ठेवलेली तलवार!

म्हाताऱ्या गुरूची तलवार तर याहून नवलाची. तिच्यात पहिल्या महायुद्धातल्या रायफल ग्रेनेडचा भाग आहे, रोल्स-रॉइसच्या जेट इंजिनाची नळी आहे आणि बुडाशी चक्क मोरीतल्या नळाची चावी. नायकाच्या मित्राचे पिस्तूल म्हणजे १८९६ सालच्या बनावटीचे माउझर. तरुण चर्चिलने १८९८ साली ओमदुर्मानच्या लढाईत वापरले त्याच जातीचे.

पांढऱ्या चिलखतातल्या शिपायांची बंदूक तर आम्हां बेळगावकरांच्या ओळखीची. ती ब्रिटिश सैन्याने १९५३ साली स्वीकारलेली स्टर्लिंग. तिचीच आवृत्ती आपल्या सैन्यासाठी कानपूरच्या कारखान्यात बनत असे आणि आपण तिला कार्बाइन म्हणत असू. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असलेल्या गावात ती पाहिली नाही असा माझ्या पिढीतला मुलगा विरळा. व्हिडिओवर तो चित्रपट प्रथम पाहिला तेव्हा त्या बंदुका का कोण जाणे, खऱ्या वाटल्या. खऱ्याच होत्या! सुतारशाळेत बनवलेल्या वस्तूला वजन देता येईल, रंग देता येईल, पण हाताळून हाताळून आलेली झीज कुठून आणणार? १९७८ साली या चित्रपटाच्या कलादिग्दर्शनाला ऑस्कर मिळाले, त्या चौघांत ख्रिश्चनही होता.

इथवर सगळे कौतुकाचेच. पण मला खटकले ते पुढचे. चित्रपटाच्या भक्तांना अस्सल तलवार हवी झाली, म्हणजे अस्सल फ्लॅशची दांडी. खोक्यात धूळ खाणाऱ्या वस्तूची किंमत भडकली, आणि ती विकत घेणाऱ्यांतल्या कित्येकांनी तिचा परावर्तक काढून, रबर चिकटवून तिची तलवार केली. म्हणजे खोट्या प्राचीन वस्तूची हुबेहूब नक्कल करण्यासाठी खरी जुनी वस्तू मोडली! त्या उजेडात कोणाकोणाचे चेहरे छापून आले असतील, कोणते खटले, कोणती लग्ने. तो सगळा भूतकाळ पुसला गेला आणि तिथे कधीच न घडलेला भूतकाळ आला.

तारकोव्हस्कीच्या 'सोलारिस'मध्ये (१९७२) असे होत नाही. पृथ्वीपासून दूर अंतराळस्थानकात एक ग्रंथालय आहे. तिथे मेणबत्त्या आहेत, जुनी पुस्तके आहेत, भिंतीवर ब्रॉयगेलची चित्रे आहेत. बर्फातून परतणाऱ्या शिकाऱ्यांच्या १५६५ सालच्या चित्रावरून कॅमेरा इतक्या सावकाश फिरतो की घाईच्या प्रेक्षकाने चुळबुळ करावी. ते चित्र तिथे दुसऱ्या कशाचे सोंग घेऊन आलेले नाही. मला स्वतःला हा मार्ग अधिक मानाचा वाटतो. अर्थात, ख्रिश्चनने उचलली नसती तर त्यातली किती विमाने वितळून गेली असती, हेही खरेच. सोंग घेऊन का होईना, त्याच्या हातून काही तुकडे टिकले. माझ्या हातून तेवढेही झाले नाही.

विद्यार्थी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मी त्या भंगारवाल्याकडे गेलो. म्हातारा अजून गल्ल्यावर बसतो. "पितळ कुठलं राहतंय सर? त्याच आठवड्यात भट्टीत गेलं बघा." मग थोडा वेळ थांबून त्याने हिशेबाच्या वहीवरचे जाड भिंग उचलून माझ्यापुढे धरले. नातवाने कागद जाळायला म्हणून ठेवून घेतले होते, आता कागद उडू नयेत म्हणून ठेवतो, म्हणाला. पैसे घेतले नाहीत.

रजिस्टरमध्ये त्या तांबड्या शेऱ्याखाली नवी ओळ लिहिली : 'भिंग, नग १, मॅजिक लँटर्नचे.'