परदेशातील सामूहिक सहल : युरोपला निघण्यापूर्वीची तयारी

मंडळाच्या ओळखीतून दहा-पंधरा कुटुंबांनी एकत्र येऊन एखाद्या सहल कंपनीकडे युरोपची नोंदणी करणे इंदूरच्या मराठी घरांना आता नवे नाही. सोबत ओळखीची असते, भाषेची अडचण भासत नाही आणि एकटे राहणाऱ्या ज्येष्ठांनाही निर्धास्तपणे निघता येते. मात्र याच सोबतीमुळे एक गैरसमज होतो, की सगळे मिळून चाललो आहोत तेव्हा सगळे कोणीतरी बघून घेईल. तिकीट, हॉटेल आणि बस कंपनी बघते. पासपोर्टवरचे नाव, बँकेचे खाते, विम्याच्या अर्जातली आजारांची माहिती आणि गुडघे ज्याचे त्यालाच बघावे लागतात. या लेखात म्हणूनच प्रेक्षणीय स्थळांची माहिती दिलेली नाही. ती कंपनीच्या पुस्तिकेत भरपूर असते.

पासपोर्ट आणि नावाचा घोळ

शेंगेन व्हिसासाठी पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात किमान दोन कोरी पाने असावीत. सहल कंपन्या सहसा सहा महिन्यांची वैधता मागतात, तीच धरून चालावे. आपले प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय भोपाळला आहे. काही त्रुटी निघाल्यास पत्रव्यवहार तिकडे होतो आणि पोलीस पडताळणीचा वेळ वेगळा. मे महिन्यात निघायचे असेल तर दिवाळीनंतर लगेच सर्वांचे पासपोर्ट एकदा उघडून पाहावेत.

खरी अडचण वैधतेपेक्षा नावाची असते आणि ती आपल्याकडे जरा जास्तच आहे. आपण घरी वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये लावतो, पण मध्य प्रदेशातल्या शाळेच्या दाखल्यात, बँकेत किंवा नोकरीच्या कागदात ते पुष्कळदा गळलेले असते. म्हणजे एकाच गृहस्थांचे एका कागदावर तीन शब्दी नाव, दुसऱ्यावर दोन शब्दी. जुन्या कागदांत नावाला ‘राव’ किंवा ‘बाई’ जोडलेले असते, कुठे ‘सौ.’ हाच नावाचा भाग होऊन बसतो. इंग्रजी स्पेलिंगची तऱ्हा तर आडनावागणिक वेगळी. दीक्षित, वैद्य, कुलकर्णी मंडळींना हे सांगायला नको.

सर्वांत गुंतागुंतीचे प्रकरण ज्येष्ठ भगिनींचे. लग्नात नाव बदलण्याची पद्धत होती, त्यामुळे माहेरची कुसुम सासरी येऊन मंगला झाली. मॅट्रिकचा दाखला कुसुमच्या नावे, पेन्शन आणि आधार मंगलाच्या नावे, आणि दोघी एकच असल्याचा कागद कुठेच नाही, कारण त्या काळी विवाहाची नोंदणी करण्याची रीत नव्हती. अशा वेळी आधी नगर निगमात विवाह नोंदणी करून प्रमाणपत्र घ्यावे, मग त्याच्या आधारे बाकीचे कागद जुळवावेत. यात दोन-तीन महिने सहज जातात. सहलीचे पैसे भरल्यावर हे काम काढले तर व्हिसाच्या तारखेशी शर्यत लागते. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल आणि संपूर्ण नाव एकाच शब्दाचे असेल, तर तेही दुरुस्त करून घ्यावे. संयुक्त अरब अमिराती अशा एकशब्दी नावावर पर्यटक व्हिसा देत नाही आणि येता-जाता दुबईत दोन दिवस थांबण्याचा बेत पुष्कळ सहलींत असतो.

तिकिटावरचे नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळले पाहिजे. नोंदणीच्या वेळी नाव तोंडी सांगू नये, पासपोर्टची प्रत द्यावी.

व्हिसा प्रत्येकाचा स्वतंत्र

अर्ज गटाने दिले तरी निर्णय प्रत्येक अर्जावर स्वतंत्र होतो. पतीला मिळाला आणि पत्नीला नाकारला, असेही घडते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि पंधरा दिवस आधीपर्यंत करावा लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर बोटांचे ठसे देण्याची वेळ मिळणेच कठीण होते. शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ युरो आहे. केंद्राचा सेवा आकार वेगळा. नकार आला तरी शुल्क परत मिळत नाही. आधी दिलेले ठसे ५९ महिन्यांपर्यंत चालू शकतात, आणि बारा वर्षांखालील मुलांना ते द्यावे लागत नाहीत.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा हे मुक्कामाच्या रात्रींवर ठरते. ज्या देशात सर्वांत जास्त दिवस, त्याच्याकडे. दिवस सारखे असतील तर जिथे प्रथम प्रवेश होणार, त्याच्याकडे. शेंगेन क्षेत्रात सध्या २९ देश आहेत आणि त्यात ब्रिटन नाही. लंडन दाखवणाऱ्या सहलीला दुसरा व्हिसा, दुसरा अर्ज आणि दुसरे शुल्क लागते. लंडन मधल्या टप्प्यात असेल तर शेंगेनचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा, हे कंपनीला विचारून घ्यावे.

बँकेचे विवरण आणि आयकर विवरणपत्रे सोबत जोडावी लागतात. अर्जाच्या आठवडाभर आधी मुलाने आईच्या खात्यात चार लाख टाकले, तर ते मदतीऐवजी संशयाचे कारण ठरते. मुलगा खर्च करणार असेल तर तसे त्याचे पत्र, त्याचे विवरण आणि नात्याचा पुरावा सरळ जोडावा. अल्पवयीन मूल आई-वडिलांपैकी एकाबरोबर किंवा आजी-आजोबांबरोबर जात असेल तर उरलेल्या पालकांचे संमतीपत्र लागते.

एक गोष्ट घरात आधीच बोलून ठेवावी. एकालाच व्हिसा मिळाला तर दुसऱ्याने जायचे की नाही? आणि रद्द केल्यास किती पैसे कापले जातील, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. पैसे भरण्याच्या दिवशी हा विषय अशुभ वाटतो, पण नंतर तो महागात पडतो.

पैसे कोणाच्या खात्यातून

सोयीसाठी गटातला एखादा उत्साही सभासद सर्वांचे पैसे स्वतःच्या खात्यात गोळा करून कंपनीला एकरकमी देतो. हे टाळावे. परदेशी सहलीच्या रकमेवर कंपनी टीसीएस नावाचा कर गोळा करते आणि तो पैसे देणाऱ्याच्या पॅनवर जमा होतो. तो आयकरात वळता करून घेता येतो किंवा परत मिळतो, पण ज्याच्या पॅनवर आहे त्यालाच. वीस जणांचा कर एकाच्या नावावर दिसला की पुढचे वर्षभर हिशेब आणि स्पष्टीकरणे चालतात. कराचे दर अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून भरण्याच्या वेळचा दर विचारावा. शिवाय परदेश प्रवासावर वर्षात दोन लाखांहून अधिक खर्च केला, तर उत्पन्न करपात्र नसले तरी विवरणपत्र भरणे बंधनकारक होते. स्वतःच्या बचतीतून जाणाऱ्या आजींनाही हे लागू आहे.

रोख परकीय चलन एका प्रवासाला ३,००० डॉलरइतक्या किमतीपर्यंत घेता येते. इतके लागत नाही. सुटी युरो नाणी मात्र ठेवावीत, वाटेतल्या स्वच्छतागृहांत तीच लागतात. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये असले तरी तिथले चलन फ्रँक आहे.

विमा आणि तब्येत

शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय विमा संरक्षण सक्तीचे आहे. कंपनी पॉलिसी काढून देते आणि आपण ती न वाचता ठेवून देतो. घोळ अर्जात असतो. मधुमेह, रक्तदाब, पूर्वी झालेली अँजिओप्लास्टी या गोष्टी हप्ता वाढेल किंवा ‘गटात नेणार नाहीत’ या धास्तीने लपवल्या जातात. तिकडे छातीत दुखू लागले आणि जुन्या रुग्णालयाचे कागद निघाले की विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि युरोपातील अतिदक्षता विभागाचे बिल मग मुलांना भरावे लागते. सर्व आजार लिहावेत. आधीपासूनच्या आजारांना कोणत्या परिस्थितीत संरक्षण आहे ते वाचावे, बहुतेक पॉलिसींत ते जिवावरच्या आकस्मिक प्रसंगापुरतेच असते. अधिकचे संरक्षण मिळत असल्यास घ्यावे. यात काटकसर करू नये.

औषधे मुक्कामाच्या दीडपट, मूळ पाकिटांत आणि हातसामानात ठेवावीत. इन्सुलिन खालच्या सामानात गोठण्याचा धोका असतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचे मूळ रासायनिक नाव लिहून घ्यावे, कारण आपला ब्रँड तिथल्या केमिस्टला कळत नाही. उन्हाळ्यात पॅरिसचे घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असते, तेव्हा इन्सुलिन आणि गोळ्यांच्या वेळा कशा सरकवायच्या हे निघण्याआधी विचारावे. अमिरातीतून जात असाल तर कोडीनयुक्त खोकल्याचे औषध आणि ट्रॅमाडॉल तिथे नियंत्रित आहेत, हे लक्षात असू द्यावे.

स्वित्झर्लंडमधला युंगफ्राऊयोख ३,४५४ मीटरवर आहे आणि टिटलिसचे वरचे स्थानक सुमारे ३,००० मीटरवर. इंदूर साडेपाचशे मीटरच्या आसपास. रोपवे किंवा रेल्वे एवढी उंची काही तासांत गाठते, त्यामुळे हृदय किंवा फुप्फुसांचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना ठिकाणाचे नाव न सांगता उंची सांगून सल्ला घ्यावा. खाली थांबून कॉफी घेण्यात कमीपणा काही नाही.

चालणे हा राहिलेला विषय. बस स्मारकाच्या दारात उभी राहत नाही, दगडी फरशीवरून दिवसाला पाच-सहा किलोमीटर सहज होतात. दोन महिने आधीपासून रोजचे चालणे वाढवावे, आणि नवे बूट इथेच वापरून मऊ करावेत.

खाऊचा डबा

युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला प्रवाशांना मनाई आहे. पेढे, मावा बाटी, तूप, श्रीखंड घरीच ठेवावे. लिंबे, हिरव्या मिरच्या आणि कढीपत्ता यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, म्हणजे व्यवहारात नेता येत नाहीत. शेव, चिवडा, चकली, मेतकूट, कोरड्या चटण्या बिनधास्त न्याव्यात. दुबई किंवा अबुधाबीमार्गे जाणाऱ्यांनी खसखस कटाक्षाने टाळावी. अमिरातीत ती बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. अनारसे लगेच आठवतात, पण घरच्या मसाल्यात घातलेली खसखस कोणाच्या लक्षात येत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आपल्याच विमानतळावर खालच्या सामानातून काढायला लावतात. पॉवर बँक मात्र उलट, ती हातसामानातच हवी.

बसचे वेळापत्रक

‘पाच मिनिटांत आलोच’ ही आपली सवय तिथे सर्वांना भोवते. युरोपीय संघाच्या नियमानुसार बसचालकाने साडेचार तास बस चालवली की पाऊण तास विश्रांती घ्यावी लागते, दिवसाला सर्वसाधारणपणे नऊ तासच गाडी चालवता येते आणि रोजची सलग विश्रांती ठरलेली असते. गाडीतले यंत्र त्याची नोंद ठेवते. सकाळी खरेदीत गेलेला अर्धा तास तो वेग वाढवून भरून काढू शकत नाही, त्यामुळे संध्याकाळचे एखादे ठिकाण गळते. सहलप्रमुखाशी यावरून वाद घालून उपयोग नसतो.

सीमेवरही आता वेळ लागतो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांनी टप्प्याटप्प्याने शिक्क्याऐवजी ठसे आणि चेहऱ्याची नोंद घेणारी यंत्रणा सुरू केली आहे. ज्येष्ठांच्या झिजलेल्या बोटांचे ठसे दोन-तीनदा घ्यावे लागतात, तेव्हा गटातील एखाद्या तरुणाने त्यांच्या मागेच उभे राहावे.

पासपोर्टच्या पहिल्या पानाची आणि व्हिसाची छायाप्रत मूळ कागदांपासून वेगळ्या पिशवीत ठेवावी आणि एक प्रत घरी द्यावी. पासपोर्ट हरवल्यास आधी पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास. तिथे तातडीचे प्रमाणपत्र मिळते, पण ते भारतात परतण्यापुरते असते, पुढचे देश त्यावर पाहता येत नाहीत. आपत्कालीन क्रमांक युरोपातही ११२च आहे. हॉटेलचे नाव-पत्ता लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकाने रोज सकाळी खिशात घालावी. फोनची बॅटरी संपली तरी ती टॅक्सीवाल्याला दाखवता येते.