पराभवानंतरची बेरीज

इतिहासाच्या तासाला मी फळ्यावर दोन आकडे मांडतो. १९५१-५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत समाजवादी पक्षाला दहा टक्क्यांवर मते, पण जागा अवघ्या १२. कम्युनिस्टांना सव्वातीन टक्के मते आणि जागा १६! काँग्रेसला पर्याय होऊ पाहणारा पक्ष हबकला. पंचमढीच्या अधिवेशनात आत्मपरीक्षण झाले. त्याच वर्षी कृपलानींच्या पक्षाशी विलीनीकरणही झाले. परंतु काँग्रेसशी सहकार्य करावे की झुंजावे, यावरून अशोक मेहता व लोहिया यांचे बिनसले, दोषारोप वाढले. १९५५ मध्ये घर दुभंगले.

"सर, चूक कोणाची?" मुले विचारतात.

मी म्हणतो, "बाळांनो, अडीचशेंवर जागा लढविल्या, मते विखुरली. पुढे मतांची बेरीज त्यांनी केली. मनांची मात्र राहून गेली."